बाळाचे दूध कोमट करताना

महिन्याभरापूर्वीची गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच एक आजी आपल्या सुनेबरोबर साडेचार महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. "डॉक्टर, काल संध्याकाळपासून दूधच घेत नाही. बाटली लावली की किंचाळतो. आईच्या अंगावरही घेईना. दृष्ट लागली असेल म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या, तरी तेच." बाळाला ताप नव्हता. पोट मऊ होते, कानही ठीक होते. टॉर्चच्या उजेडात तोंड उघडून पाहिले तेव्हा उलगडा झाला. जिभेच्या टोकावर आणि तोंडात वर टाळ्याला पांढुरका चट्टा, कडेने लालबुंद. बाळाचे तोंड भाजले होते.

आजींना ते पटेना. "अहो, मी बाटली हातात धरून पाहिली होती. बाहेरून धड कोमटही लागत नव्हती." आजी खरेच सांगत होत्या. सून शाळेत शिक्षिका. बाळंतपणाची रजा संपल्यावर ती सकाळी दूध काढून फ्रिजमध्ये ठेवून जाते. एरवी आजी ती बाटली गरम पाण्याच्या तांब्यात ठेवत. त्या दिवशी बाळ फार रडत होते, म्हणून घरात नव्याने आलेल्या मायक्रोवेव्ह शेगडीत बाटली मिनिटभर ठेवली. बाटली गारच होती, पण आतले दूध जागोजागी चटका बसेल इतके तापलेले होते.

आपल्या भागात मायक्रोवेव्ह अजून घरोघरी नाही, पण आता पुष्कळ स्वयंपाकघरांत दिसू लागला आहे. म्हणून त्याचे काम कसे चालते ते आधी सांगतो. गॅसवर आधी भांडे तापते आणि मग आतला पदार्थ. मायक्रोवेव्हमध्ये उलटे होते. त्याच्या लहरी प्लॅस्टिकला किंवा काचेला फारशा तापवत नाहीत. त्या पदार्थातल्या पाण्याला तापवतात. त्यातही सगळीकडे सारख्या पोहोचत नाहीत. दुधाचा एक थर थंड तर दुसरा कढत अशी स्थिती होते. शिवाय तापलेले दूध हलके होऊन वर चढते. म्हणजे बाटलीचा तळ हाताला गार लागतो आणि वरचा कढत भाग निपलाजवळ गोळा होतो. पहिला घोट नेमका तोच. कालची खीर त्यात गरम करून खाल्लेल्यांना हा अनुभव आहे: एक चमचा गार आणि दुसरा जीभ पोळणारा. आपण हाय हाय करून तो थुंकतो. साडेचार महिन्यांच्या बाळाला ते जमत नाही. झाकण घट्ट असेल तर वाफ कोंडून बाटली फुटण्याचीही भीती असते. तेव्हा बाळाच्या दुधासाठी मायक्रोवेव्ह वापरूच नये. "नंतर हलवून घेतो ना" ही सबब पुरेशी नाही, कारण घाईत हलवायचे राहते आणि बाळ रडत असताना घाई ही असतेच.

ज्यांच्याकडे मायक्रोवेव्ह नाही त्यांनी निर्धास्त राहावे असेही नाही. उकळते दूध बाटलीत ओतायचे आणि बाटली नळाखाली धरायची, ही आपल्याकडची नेहमीची रीत. यातही फसगत तीच. बाहेरची बाजू लगेच निवते, हाताला गार लागते, आणि मधले दूध तसेच तापलेले राहते. मधे दोन-तीनदा बाटली नीट हलवली नाही, तर नळाखाली कितीही वेळ धरा, बाहेरच्या स्पर्शावरून आतला अंदाज येत नाही.

कोमट म्हणजे नेमके किती?

आईचे दूध बाळाच्या तोंडात येते ते शरीराच्या उष्णतेचे, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअस. बाटलीतले किंवा वाटीतले दूध तेवढेच असले की झाले. आपण मजेने घोट घोट पितो तो चहा साधारण ५५ ते ६० अंशांचा असतो. ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाच्या त्वचेलाही सुमारे ५ सेकंदांत भाजू शकते, आणि बाळाची त्वचा त्याहून पुष्कळ पातळ असते. म्हणून "मी पिऊन पाहिले, मला नाही लागले" हे प्रमाण धरू नये. चहाला सरावलेली आपली जीभ फसवते. शिवाय तोंड लावून पाहिल्याने आपल्या तोंडातले जंतू बाळाच्या दुधात जातात.

बोटाचेही तसेच. तव्यावरची पोळी हाताने उलटणाऱ्या, चिमट्यावाचून पातेले उतरवणाऱ्या आपल्या माय-भगिनींच्या बोटांना चटक्यांची सवय झालेली असते. दूध पाहायचे ते मनगटाच्या आतल्या बाजूवर, जिथे नाडी पाहतात तिथे, चार-पाच थेंब टाकून. तिथली त्वचा पातळ असते. थेंब गरमही लागू नये आणि गारही लागू नये. नुसते ओले लागावे. गरम लागले तर थांबा, बाटली फिरवा, पुन्हा पाहा.

मुळात दूध कोमट केलेच पाहिजे का, असा प्रश्न एका वाचकभगिनीने पत्रातून विचारला आहे. उत्तर पुष्कळांना नवल वाटेल असे आहे. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या, वजन नीट वाढत असलेल्या बाळाला खोलीतल्या उष्णतेचे दूध चालते. कोमट केल्याने दुधाचा कस वाढत नाही, आणि कोमट न केल्याने सर्दी होत नाही. सर्दी विषाणूंमुळे होते. फ्रिजमधून काढलेले थंडगार दूध मात्र बऱ्याच बाळांना आवडत नाही, आणि आईच्या साठवलेल्या दुधात वर साय धरल्यासारखा स्निग्ध थर आलेला असतो, तो कोमट केल्यावर नीट मिसळतो. एवढ्यासाठी कोमट करायचे. अपुऱ्या दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळांची गोष्ट वेगळी. त्यांना अंगातली ऊब टिकवणेच जड जाते, म्हणून त्यांच्या बाबतीत डॉक्टर सांगतील तसे करावे.

साधी, सुरक्षित रीत

एका पातेल्यात किंवा रुंद तोंडाच्या मगात आंघोळीच्या पाण्याइतके गरम पाणी घ्यावे. उकळते नको, आणि पातेले गॅसवरही नको. त्यात बंद बाटली उभी ठेवावी. पाणी दुधाच्या पातळीपर्यंत असावे, पण झाकणापर्यंत चढू नये, नाहीतर बाहेरचे पाणी आत झिरपते. पाच-सात मिनिटांत दूध कोमट होते. फार थंड असेल तर पाणी एकदा बदलावे. पंधरा मिनिटांच्या वर ठेवू नये. मधे मधे बाटली हलकेच गोल फिरवावी, म्हणजे आतले सगळे दूध एकसारखे होते. मग मनगटावर थेंब टाकावेत आणि मगच बाळाला घ्यावे.

"मगच बाळाला घ्यावे" हे शब्द मुद्दाम लिहिले आहेत. दुधाने तोंड भाजल्याची बाळे मी मोजकीच पाहिली, पण ते दूध कोमट करायला आणलेले गरम पाणी अंगावर सांडून भाजलेली बाळे पुष्कळ पाहिली. एका हातावर रडणारे बाळ आणि दुसऱ्या हातात वाफाळते पातेले, हे चित्र घरोघरी दिसते. रात्री तर गरम पाण्याचा मग अंथरुणाशेजारी जमिनीवरच ठेवलेला असतो. बाळ एक लाथ मारते, किंवा रांगते मूल कड धरून मग ओढते. अर्धा मग पाणी आपल्याला काहीच नाही. बाळाच्या अंगाचा मात्र मोठा भाग त्याने भाजतो. म्हणून पाणी ओट्यावर, भिंतीच्या बाजूला, आणि बाळ तेवढा वेळ दुसऱ्या कुणाकडे किंवा पाळण्यात. दोन मिनिटे रडले तर रडू द्या.

बाजारात विजेवर चालणारी दूध कोमट करण्याची यंत्रेही मिळतात. आलेली असतील तर वापरावीत, पण मगभर पाण्याने होत नाही असे त्यांनी काही होत नाही. आणि त्यांचा एक मोह वाईट: बाटली रात्रभर त्यात ठेवून देण्याचा. त्याबद्दल आता सांगायचे आहे, कारण चटक्यापेक्षाही ही चूक अधिक बाळांचा घात करते.

दूध कोमट करणे वेगळे आणि कोमट ठेवणे वेगळे

रात्री उठायला नको म्हणून झोपतानाच दूध कोमट करून थर्मासमध्ये भरून ठेवायचे, किंवा बाटली गोधडीत गुंडाळून उशाशी ठेवायची, अशी सवय अनेक घरांत आहे. एस.टी.च्या प्रवासात तर हे सर्रास चालते. हेतू चांगला, पण विरजणाचा विचार करून पाहा. दही लावायचे तर दूध उकळते ठेवत नाही आणि गारही ठेवत नाही. कोमट दुधात विरजण लावून ते भांडे उबेत ठेवतो. का? तर जंतूंना वाढायला तीच उष्णता सर्वांत मानवते. दह्याचे जंतू उपकारक असतात. बाळाच्या बाटलीत शिरलेले तसे असतीलच असे नाही.

अशा उबेत आणि दुधासारख्या सकस खुराकावर काही जंतू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. एकाचे दोन, दोनाचे चार. हिशेब केला तर सहा तासांत असे अठरा वेळा दुप्पट होणे घडते आणि एका जंतूचे अडीच लाखांहून अधिक जंतू होतात. रात्री दहाला भरलेले दूध पहाटे चारला देणे म्हणजे काय, हे यावरून ध्यानात यावे. दुधाला वास येत नाही, चव बिघडत नाही, आणि सकाळी बाळाला जुलाब-उलट्या सुरू होतात. "पुन्हा खळखळून उकळले की झाले" हाही गैरसमज आहे. उकळल्याने जंतू मरतात, पण काही जंतूंनी दुधात आधीच सोडलेले विष उकळूनही जात नाही.

म्हणून नियम असा: दूध एकतर थंड असावे किंवा नुकतेच कोमट केलेले असावे, तासन् तास कोमट कधीच नसावे. कोमट केलेले दूध दोन तासांत संपवावे. बाळाने तोंड लावून उरवलेले टाकून द्यावे. पुन्हा फ्रिजमध्ये ठेवणे, पुन्हा कोमट करणे नको. टाकवत नसेल तर एका वेळी थोडेच काढावे, लागले तर आणखी घ्यावे. आईने पहाटे उठून काढलेले दूध ओतून देताना जीव तुटतो, हे मी जाणतो. प्रवासात थर्मास जरूर न्यावा, पण त्यात उकळलेले पाणी न्यावे, दूध नव्हे. दूध बर्फाच्या पिशवीत थंड न्यावे आणि पाजायच्या वेळी त्या पाण्याच्या उबेने कोमट करावे.

आईचे काढून ठेवलेले दूध गॅसवर उकळू नये. त्यात बाळाला रोगांपासून राखणारे घटक असतात आणि जास्त उष्णतेने ते नष्ट होतात. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू झाली. अशा पेढ्यांत दान आलेले दूध जंतुरहित करताना ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवतात, त्याहून जास्त तापवत नाहीत, आणि एवढ्यानेही त्यातले काही संरक्षक घटक कमी होतातच. परक्या आईचे दूध असल्याने तिथे ते करावेच लागते. घरी आईचे दूध आपल्याच बाळाला द्यायचे असल्याने ते नुसते कोमट करणे पुरेसे आहे. काढलेले दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात, २५ अंशांपर्यंतच्या थंड खोलीत चार तास राहते. आपल्या उन्हाळ्यात ही मुदत धरू नये. लगेच फ्रिजमध्ये, दारात न ठेवता आतल्या बाजूला ठेवावे आणि चोवीस तासांत वापरावे. वीज बराच वेळ जात असेल तर त्याहून लवकर.

डब्यातल्या दूधभुकटीचा नियम मात्र वेगळा आहे आणि इथेच लोकांचा गोंधळ होतो. भुकटी कोरडी आणि पांढरीशुभ्र दिसली तरी ती जंतुरहित नसते. क्वचित तिच्यात असे जंतू असतात की ज्यांमुळे तान्ह्या बाळाला मेंदूज्वर होऊ शकतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ च्या मार्गदर्शनात सांगितले आहे की भुकटी मिसळताना पाणी ७० अंशांपेक्षा कमी नसावे. पाणी खळखळून उकळावे, झाकून ठेवावे आणि अर्ध्या तासाच्या आत त्यात डब्यातल्या चमच्याच्या मापाने भुकटी घालावी. काही डब्यांवर कोमट पाण्यात मिसळायला सांगितलेले असते; आपल्या बाळासाठी काय करावे हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, विशेषतः बाळ दोन महिन्यांच्या आतले असेल तर. हे दूध चटका लावणारे असते, म्हणून तयार झाल्यावर थंड पाण्यात ठेवून, हलवून, मनगटावर पाहूनच द्यायचे. म्हणजे भुकटीचे दूध आधी गरम आणि मग कोमट, तर आईचे दूध थंडातून थेट कोमट.

भांडे कोणते असावे, याविषयी आपल्या महाराष्ट्रातलीच एक हकीकत आहे. काही दशकांपूर्वी लहान मुलांच्या यकृताचा एक असाध्य आजार आपल्याकडे बराच आढळत असे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्याबरोबर त्याचा माग काढला. १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी दाखवले की वरचे दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवले आणि ठेवले की त्यात तांबे उतरते, आणि तान्हेपणी ते पोटात जाणे हे या आजाराचे कारण असू शकते. घरात पितळेची जागा स्टीलने घेतली आणि हा आजार दुर्मिळ झाला. आजीच्या वेळचे पितळी पातेले शोभेला ठेवावे. बाळाच्या दुधाला स्टीलच हवे.

प्लॅस्टिकच्या बाटलीत कढत दूध ओतणेही बरे नाही. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधील संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की पाणी जितके गरम, तितके पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीतून प्लॅस्टिकचे अतिसूक्ष्म कण अधिक सुटतात. त्यांचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास चालू आहे; पण स्टीलच्या भांड्यात दूध तयार करून कोमट झाल्यावरच बाटलीत ओतले, तर आपले काही बिघडत नाही.

खरे विचाराल तर माझे मत बाटलीच्या बाजूचे नाही. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, हे तर आहेच. सरकारने १९९२ साली कायदा करून दूधभुकटी आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर उगाच बंधने घातली नाहीत. पण आई कामावर जाते, कधी आजारी असते, तेव्हा काढलेले दूध पाजावे लागते. अशा वेळी वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले उत्तम. बाटलीचे निपल आणि आटे घासून, उकळून घेतले तरी कुठे तरी साय चिकटून राहते. बोंडले एका हाताने स्वच्छ होते. आणि आजच्या विषयापुरते सांगायचे तर उघड्या वाटीत वाफ डोळ्यांना दिसते, चमच्याने ढवळता येते, चमच्यातले दूध चटकन निवते. बाटलीत हे सगळे झाकलेले असते. बोंडल्याने पाजताना बाळाला जरा उठते धरावे, धार ओठाच्या कोपऱ्यातून सोडावी आणि त्याने गिळल्यावर पुढची सोडावी.

चुकून भाजलेच तर

गरम पाणी अंगावर सांडले तर पहिले काम नळाचे साधे वाहते पाणी. ओले कपडे लगेच काढून, भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे पाणी सोडावे. बाकीचे अंग कोरड्या कापडात उबदार ठेवावे. चिकटलेले कापड ओढू नये. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद, शाई यांतले काहीही लावू नये. मग स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठावा. तान्हे बाळ भाजले तर जागा लहान दिसली तरी डॉक्टरांना दाखवावेच. तोंड भाजले असेल तर गरम दूध ताबडतोब बंद करून अंगावर घ्यावे, किंवा काढलेले गार दूध चमच्याने थोडे थोडे द्यावे. लाळ सारखी गळू लागली, गिळता येईनासे झाले, आवाज घोगरा झाला किंवा श्वासाबरोबर घरघर येऊ लागली तर आत सूज आल्याची ती खूण असते. तेव्हा वाट न पाहता १०८ क्रमांकाला फोन करावा.

जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर अंगावरचे दूध थांबवू नये. ते चालू ठेवून डॉक्टरांच्या सल्ल्याने जलसंजीवनी द्यावी. लघवी कमी झाली, डोळे किंवा डोक्यावरची टाळू खोल गेली, बाळ मलूल पडले तर त्याच तासाला रुग्णालयात न्यावे.

त्या दिवशीच्या बाळाला वजनाच्या मापाने वेदनाशामक थेंब दिले आणि आईचे गार केलेले दूध तिथेच चमच्याने पाजायला लावले. पहिले चार चमचे रडत, मग घट घट. तोंडातली कातडी लवकर भरून येते; आठवड्याने दाखवायला आणले तेव्हा चट्टा दिसतही नव्हता. आजींच्या पिशवीत चांदीचे बोंडले होते, बाळाच्या बाबांच्या बारशाला आलेले. ते उकळून वापरायला काढले आहे, आणि मनगटावर थेंब टाकून पाहिल्याशिवाय सुनेलाही पाजू देत नाही, असे त्यांनी सांगितले.